पोटलकला ‘सगळ्यांसाठी ॲपेटायझर’ न्यायचं आहे: काय, किती आणि कसं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये तुम्ही कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉटर्लूला राहायला आलात. डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी पाच वाजता शेजारच्या घरी पोटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या मेळाव्याला, वीसेक माणसं जमणार आहेत, आणि निमंत्रणात लिहिलंय की प्रत्येकाने ‘सगळ्यांना वाटून खाता येईल असं एक ॲपेटायझर’ (स्टार्टर) आणावं. तुम्ही शाकाहारी आहात, अंडं चालतं. समोसे न्यावेत, पनीर टिक्का न्यावा की काहीतरी अस्सल कॅनेडियन करून बघावं, हे ठरत नाहीये. शिवाय कोथिंबीर वडी इथल्या लोकांना आवडेल का, हेही विचारलंय.

मी ऑन्टारिओत बरीच वर्षं घरगुती केटरिंग करते आहे. डिसेंबर हा माझा सगळ्यात धावपळीचा महिना. त्या अनुभवावरून सांगते, ‘कुठला पदार्थ’ हा प्रश्न नंतरचा. आधी तो पदार्थ कुठे ठेवला जाणार आहे ते डोळ्यांसमोर आणा. यजमानांचा ओव्हन त्यांच्याच जेवणाने भरलेला असतो. चारही शेगड्या अडलेल्या असतात. तुमचा डबा थेट जेवणाच्या टेबलावर किंवा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जातो आणि तिथे दीड-दोन तास राहतो. लोक उभ्याने गप्पा मारत खातात, एका हातात पेला असतो, बशी तळहाताएवढी असते किंवा नुसता कागदी रुमाल असतो. म्हणजे पदार्थ थंड झाला तरी चांगला लागला पाहिजे, दोन घासांत संपला पाहिजे, गळता कामा नये आणि तुम्ही शेजारी उभं राहून समजावून न सांगता लोकांना तो खाता आला पाहिजे. माझ्या मते स्टार्टरची हीच खरी परीक्षा. चव त्यानंतर येते.

या चाळणीत पनीर टिक्का बाद होतो. तव्यावरून उतरल्यावर मऊ असलेलं पनीर अर्ध्या तासात चिवट होतं आणि यजमानांकडे ओव्हन मागण्याची वेळ येते. समोसा बाद होत नाही. टोरंटो-ब्रॅम्प्टनच्या परिसरात तो सगळ्यांच्या ओळखीचा झालाय, तिथे तो परका राहिलेलाच नाही. पण मोठा समोसा जेवणाआधी पोट भरून टाकतो. न्यायचाच असेल तर बोटभर लांबीचा छोटा करा.

काही गोष्टी मी इथे बसून ठरवू शकत नाही, त्या तुम्हालाच विचाराव्या लागतील. पहिली, ॲपेटायझरनंतर जेवण आहे का? पाच वाजताचं निमंत्रण दोन्ही अर्थाने असतं. कधी सात वाजता सगळे टेबलावर बसतात, कधी ही स्टार्टर्स म्हणजेच संध्याकाळचं खाणं असतं. क्वेबेकमध्ये तर ‘पाच ते सात’ हा स्वतंत्र प्रकारच आहे: कामानंतर पेय, थोडं खाणं आणि सातला घरी. दुसरी गोष्ट, कुणाला ॲलर्जी आहे का? इथे हे विचारणं आगाऊपणाचं धरत नाहीत, उलट विचारलं की यजमानांना बरं वाटतं. तिसरी, मुलं किती? मुलं जास्त असतील तर तिखट आणि कोथिंबीर दोन्ही जपून.

टेबलावर बाकी काय असेल याचा अंदाज देते, म्हणजे तेच दुसऱ्यांदा जाणार नाही. कच्च्या भाज्यांचा ट्रे आणि रँच डिप हमखास. चीज आणि क्रॅकर्स हमखास. स्लो कुकरमध्ये गोडसर सॉसमधले मीटबॉल्स असतील, उकडलेल्या अंड्यांचा बलक मेयोनीजमध्ये मळून परत भरलेली डेव्हिल्ड एग्ज असतील, बेकनमध्ये गुंडाळलेले स्कॅलप्स (एक प्रकारचे शिंपले) किंवा स्मोक्ड सामन असेल. क्वेबेकचं कुणी असेल तर क्रेतोन दिसेल. ते लवंग-दालचिनी घातलेलं डुकराच्या मांसाचं मऊ लेपण असतं, टोस्टवर लावून खातात. एखाद्या वाडग्यात ‘नट्स अँड बोल्ट्स’ असेल: सीरियल, प्रेट्झेल आणि दाणे मसाल्यात घोळून मंद ओव्हनमध्ये भाजलेले. चिवड्याची सवय असलेला आपला माणूस तिकडेच वळतो, पण त्यात बहुतेकदा वुस्टरशायर सॉस असतो आणि त्या सॉसमध्ये अँकोवी मासे असतात. शाकाहारी असाल तर विचारून घ्या. तसंच कांद्याच्या सुपाच्या पाकिटापासून केलेल्या डिपमध्ये बीफचा अर्क असू शकतो आणि काही चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, असतं. आपण नेलेला पदार्थ आपल्याला पोटभर खाता येतो, हा शाकाहारी माणसासाठी पोटलकचा मोठाच आधार आहे.

‘अस्सल कॅनेडियन’ म्हणून पुतीनचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या. पुतीन १९५०च्या दशकात क्वेबेकच्या खेड्यांतून आलं. गरम फ्राइज, त्यावर ताजे चीज कर्ड्स (चीजच्या ताज्या गाठी) आणि वरून उकळती ग्रेव्ही. कर्ड्स ताजे असतील तर दाताखाली कचकच वाजतात, आणि ग्रेव्हीच्या उष्णतेने कडेकडेने मऊ होतात. ही सगळी मजा पहिल्या दहा मिनिटांची. वीस मिनिटांनंतर तुमच्या हातात ओल्या बटाट्यांचा लगदा उरेल. नोव्हा स्कोशिया-न्यू ब्रन्सविकच्या गार्लिक फिंगर्सचंही तसंच. पिझ्झाच्या पोळीवर लसूण-लोणी आणि चीज घालून भाजतात, लांब पट्ट्या कापतात आणि डोनेर सॉसमध्ये बुडवून खातात. चीज थंड पडलं की पट्टी कातड्यासारखी होते. पण हा पदार्थ तुमच्या घरी पाहुणे येतील तेव्हा नक्की करा, पूर्ण शाकाहारी होतो आणि मुलं तुटून पडतात. सॉस सोपा आहे: ३०० मिलिलिटर कंडेन्स्ड मिल्कमध्ये अर्धा चमचा लसूण पावडर आणि पाव ते एक तृतीयांश कप पांढरं व्हिनेगर, थोडं थोडं घालत. व्हिनेगरने दूध आपोआप घट्ट होतं, म्हणून सगळं व्हिनेगर घालून होताच घोटणं थांबवा आणि फ्रिजमध्ये ठेवा. जास्त फेटलं तर पातळ राहतं. कॅनडाच्या मैदानी प्रांतांतल्या (प्रेअरी) पेरोगींनाही, म्हणजे सारण भरून उकडलेल्या पिठाच्या करंज्यांनाही, हेच लागू. १८९१पासून आलेल्या युक्रेनियन स्थलांतरितांनी रुजवलेला हा पदार्थ बटाटा-चीज भरून पूर्ण शाकाहारी करता येतो, पण तो तव्यावरून थेट बशीत पडला पाहिजे.

मग न्यायचं काय? माझ्याकडे दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही तुम्हाला जमतील.

पहिलं उत्तर पालकाच्या डिपचं. ब्रेड पोखरून त्यात भरलेलं पालकाचं डिप इथल्या दोन पिढ्यांनी नाताळात खाल्लंय. यजमानीण बघताक्षणी ओळखेल आणि ओव्हन अजिबात लागत नाही. फ्रोझन पालकाचं ३०० ग्रॅमचं पाकीट पूर्ण वितळू द्या आणि पिळा. इथे बहुतेक लोक कमी पडतात. मुठीत पिळून थांबू नका, पंचात घालून चक्का बांधताना देतो तसा पीळ द्या. पाणी राहिलं की डिप तासाभरात सुटतं आणि ब्रेडचा तळ भिजतो. त्यात ५०० मिलिलिटर सावर क्रीम, एक कप मेयोनीज, भाज्यांच्या सुपाचं एक कोरडं पाकीट, बारीक चिरलेला पातीचा कांदा आणि डब्यातले वॉटर चेस्टनट (कुरकुरीत पांढरे कंद) बारीक तुकडे करून घाला. मेयोनीजची चव आवडत नसेल तर त्याऐवजी आपला चक्का घाला. मी तसंच करते, डिप हलकं होतं आणि आंबटपणा नेमका येतो. सुपाच्या पाकिटावर मात्र घटक वाचा, काहींत मांसाचा अर्क असतो. मिश्रण किमान चार तास, शक्य तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, कारण पाकिटातल्या वाळलेल्या भाज्या त्या वेळात ओलावा शोषून फुगतात आणि डिप घट्ट होतं. गडद रंगाच्या पंपरनिकलचा किंवा आंबवलेल्या पिठाच्या सावरडोचा गोल ब्रेड घ्या, वरची टोपी कापा, आतला गर काढा, पण भिंत दोन सेंटिमीटर तरी जाड ठेवा. काढलेल्या गराचे चौकोनी तुकडे थोडे भाजून भोवती मांडा. भरणं मात्र तिथे पोचल्यावर. घरूनच भरून नेलं तर वाटेत कलंडतं.

दुसरं उत्तर, आणि मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं: कोथिंबीर वडी आणि तिच्यासोबत क्रॅनबेरी-मेपलची चटणी. कोथिंबीर वडीला थंड होण्याची भीती नाही. वाफवलेलं बेसन घट्ट बसलेलं असतं, म्हणून वडी तळून तास-दीड तास झाला तरी आकार आणि चव दोन्ही टिकतात. दोन घासांत संपते, टूथपिक लावता येते, गळत नाही. मघाची सगळी चाळणी ती पार करते.

चटणी अशी. डिसेंबरात सगळ्या दुकानांत ताज्या क्रॅनबेरीची ३४० ग्रॅमची पिशवी मिळते. क्वेबेक आणि ब्रिटिश कोलंबियात त्यांचं मोठं पीक आहे, आणि आपल्या ऑन्टारिओत मस्कोकातल्या बाला गावाकडेही त्यांची शेती आहे. जाड बुडाच्या पातेल्यात पिशवीभर क्रॅनबेरी, अर्धा कप मेपल सिरप, पाव कप पाणी, किसलेलं आलं, एक सुकी लाल मिरची मोडून आणि चिमूटभर मीठ घाला. मध्यम आचेवर दहा मिनिटांत फळं फटफट फुटायला लागतात. तीन चतुर्थांश फुटली की आच बंद करा. पातळ वाटलं तरी आटवत बसू नका. क्रॅनबेरीत पेक्टिन भरपूर असतं, थंड झाल्यावर चटणी साखरांब्यासारखी बसते. आंबट जास्त वाटली तर गूळ घाला, मेपलशी त्याचं छान जमतं. मेपल सिरप घेताना ‘डार्क’ दर्जाचं घ्या. गोल्डन आणि अँबर पॅनकेकवर ओतायला चांगलं, पण आल्या-मिरचीपुढे त्याची नाजूक चव हरवते. साधारण ४० लिटर रस आटवून एक लिटर सिरप होतं. ते महाग का, हे यावरून लक्षात येईल, आणि चटणीत किती घालावं हेही मनात ठेवून ठरवाल. ही चटणी आठवडाभर आधी करून फ्रिजमध्ये ठेवता येते.

वडीबद्दल दोनच सूचना, बाकी तुमचा हात तुम्हाला ठाऊक आहे. इथली कोथिंबिरीची जुडी खूप ओली असते, दुकानात तिच्यावर सतत पाणी फवारतात. धुवून पंचावर पसरा आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच चिरा, नाहीतर बेसन जास्त घ्यावं लागतं आणि वडी जड होते. उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रिजमध्ये ठेवा, गार उंड्याचे काप स्वच्छ पडतात. निघण्याच्या तासभर आधी तळा, किंवा तेल लावून ४२५ फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये एकदा उलटवत वीसेक मिनिटं भाजा. हिरवी मिरची नेहमीच्या निम्मी घाला, तिखटाची हौस चटणीच्या शेजारी एक वेगळी हिरवी चटणी ठेवून भागवता येते. काही लोकांना कोथिंबीर साबणासारखी लागते, तो जनुकांचा भाग असतो. कुणी एक घास घेऊन थांबलं तर मनाला लावून घेऊ नका. त्यांच्यासाठी २५० ग्रॅम क्रीम चीजची वडी बशीत ठेवून तिच्यावर थोडी क्रॅनबेरी चटणी ओता आणि बाजूला क्रॅकर्स मांडा. एवढ्याशा कष्टात दुसरा पदार्थ तयार होतो, आणि हा इथल्या लोकांच्या अगदी सवयीचा आहे.

आता ॲलर्जी. हा भाग मी नेहमी सविस्तर सांगते, कारण आपल्या स्वयंपाकात तो फार जवळचा आहे. कॅनडात डबाबंद पदार्थांवर ज्या घटकांची नोंद ठळकपणे करावी लागते त्यांत शेंगदाणे, बदाम-काजूसारखा सुकामेवा, दूध, अंडी, गहू, सोया, मासे आणि शिंपलीवर्गीय पदार्थ आहेतच, पण तीळ आणि मोहरीही आहे. मोहरी! आपण फोडणीत ती घटक म्हणून मोजतसुद्धा नाही. वडीवर तीळ भुरभुरवता, वर मोहरीची फोडणी देता, कुणी कुणी शेंगदाण्याचं कूटही घालतं. पोटलकसाठी तिन्ही गाळा, वडीचं काही बिघडत नाही. चवीसाठी जिरं आणि ओवा पुरेसा आहे. बेसनाची वडी म्हणून ‘ग्लुटेन-फ्री’ असं सांगून मोकळं होऊ नका. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. सिलिॲकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा, त्रास असलेल्या माणसाला तेवढंही बाधतं. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, नाहीतर हिंग वगळा. तळणीचं तेल ताजं घ्या, ज्यात आधी काही वेगळं तळलंय ते नको. आणि एका कार्डावर पदार्थाचं नाव व त्यातले सगळे घटक स्वच्छ अक्षरांत लिहून बशीपुढे ठेवा. ज्या आईच्या मुलाला ॲलर्जी आहे ती ते कार्ड वाचते आणि निर्धास्त होते.

सुरक्षिततेचा इथला सर्वमान्य नियम असा: ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. वडीलाही तो लागू आहे, आणि दुधाच्या डिपला तर विशेष जपा. डिप दोन वाडग्यांत न्या, अर्धं टेबलावर आणि अर्धं त्यांच्या फ्रिजमध्ये. पहिलं संपलं की दुसरं काढा. दोन तास टेबलावर राहिलेलं उरलं तर टाकून द्या, जीव तुटला तरी.

किती न्यायचं? आपल्याकडे पुरवठा कमी पडण्याची धास्ती असते, म्हणून वीस माणसांना शंभर वड्या होतात आणि ऐंशी परत येतात. सगळेच काहीतरी आणत असतील आणि नंतर जेवण असेल तर माणसामागे तुमच्या पदार्थाचे दोन नग पुरतात, म्हणजे ४० ते ४५ वड्या. जेवण नसेल तर माणशी तीन-चार. डिप असेल तर माणशी दोन-तीन मोठे चमचे. वर सांगितलेलं प्रमाण वीस जणांना आरामात पुरतं.

नेण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. तळलेल्या वड्या गरम असताना डब्यात भरल्या तर त्यांच्याच वाफेने मऊ पडतात. जाळीवर पूर्ण निवू द्या, मग ट्रेमध्ये कागदी टॉवेल पसरून एकाच थरात मांडा आणि वर फॉइल सैल ठेवा, एका कोपऱ्यातून हवा जाऊ द्या. बाहेर शून्याखाली दहा अंश असेल तर पाच मिनिटांच्या चालण्यात वड्या गार होतील, होऊ द्या. यजमानांनी स्वतःहून ओव्हन देऊ केला तरच पाच मिनिटं गरम करा. बशी तुमचीच न्या, तिच्या तळाला टेपवर नाव लिहा. चटणीचा चमचा आणि टूथपिकही घरून न्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन ड्रॉवर उघडून चमचे शोधायची वेळ येऊ देऊ नका.

आणि वेळेवर पोचा. जेवणाच्या निमंत्रणाला पंधरा मिनिटं उशीर झालेला चालून जातो, पण स्टार्टर आणणाऱ्याने उशीर केला की लोक रिकाम्या टेबलाभोवती उभे राहतात. पाचचं निमंत्रण असेल तर पाच ते पाच-दहा. दारात बूट काढावे लागतील, घरात घालायला सपाता नेल्या तर पाय गारठणार नाहीत. यजमानांना एखादी बाटली किंवा फुलं द्यायची पद्धत आहे. दारू न्यायची नसेल तर याच क्रॅनबेरी चटणीची एक छोटी बरणी भरून द्या, ती तर तुम्ही करणारच आहात.

जाता जाता एक वेगळ्या ऋतूची गोष्ट, कारण अशी निमंत्रणं तुम्हाला पुढेही येतील. मे महिन्यात दुकानात फिडलहेड्स दिसतील, नेच्याचे गुंडाळलेले कोवळे कोंब, न्यू ब्रन्सविककडची खास गोष्ट. लोण्या-लसणात परतून फार छान लागतात आणि स्टार्टर म्हणून वाटायला सोयीचे. पण ते आधी भरपूर पाण्यात १५ मिनिटं उकळून किंवा १० ते १२ मिनिटं वाफवून, ते पाणी टाकून मगच परता. कॅनडाच्या आरोग्य खात्याची ही स्पष्ट सूचना आहे, कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ल्याने पोट बिघडतं. आपली अळूची सवय इथे उपयोगी पडेल. पुरतं शिजवल्याशिवाय खायचं नाही अशी पानं आपण लहानपणापासून ओळखतो.

जेवण नंतर आहे की नाही आणि कुणाला काय चालत नाही, एवढं शेजारणीला आजच विचारा. ती काय म्हणाली ते इथे लिहिलंत तर वड्यांचं प्रमाण मोजून देते.